काकांच्या दुनळीचा चोक उघडावा का?

काकांची बारा बोअरची दुनळी रीतसर माझ्या लायसन्सवर चढली आणि मी ती स्कीटच्या मैदानावर नेऊ लागलो. स्कीट म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या, म्हणजे क्ले, छर्‍यांनी फोडायचा खेळ. बंदूक खांद्याला इतकी छान बसते की माप घेऊन केल्यासारखी वाटते. तरी निकाल विचित्र यायचा. क्ले लागली की तिचा नुसता काळा धूर व्हायचा, तुकडा म्हणून दिसायचा नाही. चुकली की अखंड निघून जायची. मला धूर बघून बरं वाटायचं, पण मैदानावरच्या जुन्या नेमबाजांचं म्हणणं वेगळं होतं. इतक्या जवळून धूर होतोय म्हणजे छर्रे एकगठ्ठा जाताहेत, चोक घट्ट आहे, उघडून घे.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी मुद्दाम ठेवलेला आवळपणा. बारा बोअरची नळी आतून साधारण १८.५ मिलीमीटर असते. तोंडापाशी ती अर्धा मिलीमीटर आवळली तर हाफ चोक, एक मिलीमीटरच्या आसपास आवळली तर फुल चोक. छर्‍यांचा पसारा एवढ्याशा फरकावर ठरतो. ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३६.५ मीटरवर, ३० इंचांच्या वर्तुळात सरळ नळीचे साधारण ४० टक्के छर्रे पडतात, हाफ चोकचे ६० आणि फुलचे ७०. स्कीटमध्ये क्ले बहुतेक वेळा २० मीटरच्या आतबाहेर फुटते. तिथे फुल चोक म्हणजे स्वतःहून पसारा लहान करून घेणं.

माझ्या बंदुकीवर उजव्या नळीला हाफ आणि डाव्या नळीला फुल अशी खूण आहे. दुनळीत हे नेहमीचंच: पुढचा चाप उजवी नळी उडवतो, मागचा डावी, आणि दुसरा बार लांबचा म्हणून डावी घट्ट. हाफ तर फार घट्ट नाही, मग उजवीनंही धूर का होतो, हे मला उमगत नव्हतं.

गनस्मिथकडे गेलो तेव्हा मनात ठरवूनच गेलो होतो की दोन्ही नळ्या उघडायच्या. त्यांनी रीमरला, म्हणजे नळी आतून कातरायच्या हत्याराला, हात लावला नाही. लांब दांडीचा बोअर गेज काढला, नळीत सरकवला आणि घड्याळाच्या काट्यासारखा काटा बघत इंचाइंचानं मागे ओढत आणला. उजवी नळी आतून १८.७ आणि तोंडाशी १८.०. डावी १८.७ आणि तोंडाशी १७.६. ते थांबले आणि विचारलं, "ही नळी आतून कधी घासून घेतली होती का?"

घेतली होती. काकांच्या एका पावसाळ्यात नळीत गंजाचे खड्डे पडले होते आणि त्यांनी ते होन करून काढून घेतले होते. चोक हा तोंडाचा आकडा नसतो, नळी आणि तोंड यांच्यातला फरक असतो. नळी ०.२ मिलीमीटरनं मोठी झाली, तोंड होतं तेवढंच राहिलं. त्यामुळे उजवीचा ०.५ चा हाफ ०.७ झाला होता, म्हणजे जवळजवळ थ्री-क्वार्टर. डावी फुलच्याही पुढे गेली होती. खूण मारली तेव्हा खरी होती, नळी नंतर बदलली. नुसतं तोंड मोजून चोक सांगणार्‍यावर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही.

नळीच्या भिंतीची जाडीही त्यांनी ठिकठिकाणी मोजली. होन केलेल्या नळीत हे बघणं चोकपेक्षा महत्त्वाचं आहे, आणि ती सुरक्षित निघाली याचा मला खरोखर आनंद झाला. आटे पाडून बदलते चोक बसवता येतील का, हेही विचारलं. तोंडाशी दोन नळ्या एकमेकींना चिकटून असतात आणि भिंत तिथे आटे घेण्याइतकी जाड नव्हती, म्हणून तो विषय तिथेच संपला. नळी कापून आखूड करण्याचा सल्ला मैदानावर कुणीतरी दिला होता. तो ऐकूही नका. चोक पूर्ण जातो, आणि नळीच्या लांबीला कायद्याची मर्यादा असते.

"आता कागद आणा," ते म्हणाले.

मग दोन सकाळी मी फक्त कागदावर बार टाकले. ४० यार्डांवर चार फूट लांबरुंद कागद, प्रत्येक नळीचे पाच बार, दर बारला नवा कागद. आधी बार, मग छर्‍यांची गर्दी जिथे दाट दिसते तिथे मध्य धरून ३० इंचांचं वर्तुळ. आधी वर्तुळ काढून त्यात नेम धरला तर मोजणी फसते. एक काडतूस उघडून ताटात छर्रे मोजले: ३५२. रात्री कागद जमिनीवर पसरून वर्तुळाचे चार भाग केले आणि मोजलेल्या प्रत्येक भोकाला पेन्सिलीची रेघ देत गेलो. रेघ दिली नाही तर तेच भोक दोनदा मोजलं जातं, आणि पहिल्या कागदावर माझं तसं झालंही. उजवीची सरासरी २४५, म्हणजे ७० टक्के. हाफ लिहिलेल्या नळीतून फुलचा पसारा! डावीची २६७.

ही काडतुसं प्लास्टिक वॉडची होती. वॉड म्हणजे काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये बसवलेला बोळा. त्यातली वाटी छर्‍यांना नळीवर घासू देत नाही, छर्रे गोल राहतात आणि सरळ जातात. जुन्या दुनळ्यांचे चोक फेल्टच्या वॉडच्या काळातले, तेव्हा तेवढा आवळपणा लागायचा. म्हणून फेल्टसारख्याच, वाटी नसलेल्या फायबर वॉडची काडतुसं घेऊन उजवीचे पाच बार पुन्हा टाकले. सरासरी २१५ आली, ६१ टक्के. एक पैशाचंही लोखंड न काढता एवढा फरक पडला. मला वाटलं काम झालं. पण २० मीटरवर कागद लावला तेव्हा दाट भाग दीड वितीच्या थोडा पुढे होता, बास. स्कीटला तो अपुराच.

शेवटी उजवी तेवढी उघडायची ठरवली, तीही एकदम नाही. काढलेलं लोखंड परत येत नाही, म्हणून ०.४५ मिलीमीटर तीन टप्प्यांत काढायचं आणि प्रत्येक टप्प्यानंतर कागद बघायचा. डावीला हात लावायचा नाही. लांबच्या क्लेला ती मला हवी आहे, आणि ती काकांच्या हातची जशी होती तशी राहावी असंही मनात होतंच.

प्रत्येक टप्प्यानंतर आणखी एक गोष्ट तपासली: दोन्ही नळ्यांचा मार एकाच जागी पडतो का. दुनळीच्या नळ्या तोंडाकडे किंचित एकमेकींकडे झुकवून जोडलेल्या असतात. रीमर जराही तिरका गेला तर उजवीचा मार बाजूला सरकतो, आणि मग पसारा कितीही चांगला असून उपयोग नाही. तिसर्‍या टप्प्यानंतर उजवीचा आवळपणा ०.२५ वर आला आणि मार जागचा हलला नव्हता. प्लास्टिक वॉडनं ४० यार्डांवर सरासरी १९४ आली, ५५ टक्के.

पुढच्या रविवारी मैदानावर पहिली क्ले धूर न होता चार तुकड्यांत फुटली. मी ते तुकडे जमिनीवर पडेपर्यंत बघत उभा होतो.

बंदुकीच्या पेटीत आता एक घडी घातलेला कागद आहे: दोन्ही नळ्यांची आतली मापं, तोंडाची मापं, तारीख, आणि कोणत्या काडतुसानं काय आलं ते. नळीवरची खूण अजून हाफच म्हणते.