‘काय हवंय?’ असं विचारू नका

डोंगरातल्या अल्ट्रा शर्यतीत, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब धावण्यात, पन्नास किलोमीटरच्या पुढे पाय चालत राहतात, पण डोकं दमतं. मळमळतंय की भूक लागलीय, थंडी भरलीय की नुसता कंटाळा आलाय, हे धावणाऱ्याला धड सांगता येत नाही. ते त्याच्या आधी ओळखणं हे वाटेत त्याला मदत करणाऱ्या सोबत्याचं काम. म्हणून एड स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यावर, ‘काय हवंय?’ असं विचारूच नका. उत्तर ‘काही नको’ असंच येणार. एका हातात मीठ लावलेला उकडलेला बटाटा, दुसऱ्या हातात केळं धरा आणि विचारा, ‘यातलं कुठलं?’ हात आपोआप पुढे येतो.

तासाला साधारण 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. मध्यम केळ्यातून 25 ग्रॅमच्या आसपास मिळतं, 200 मिली कोलातून 20 च्या थोडं वर. पोट फिरलं असेल तर जबरदस्ती नको. रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळलेलं असतं, त्यामुळे खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं. पंधरा-वीस मिनिटं चालायला लावा, घोट घोट कोला द्या, मग अर्ध्या राजगिरा लाडवापासून पुन्हा सुरुवात करा.

सगळ्यात जास्त चुका पाण्यात होतात. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. घाईघाईत ते अख्खं अर्ध्या लिटरच्या सॉफ्ट फ्लास्कमध्ये (धावताना वापरायच्या मऊ बाटलीत) ओतलं की द्रावण दुप्पट घट्ट होतं आणि पुढच्या चढावर पोट बिघडतं. उलट, नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजून अंगठी घट्ट झाली, डोकं दुखतंय, बोलणं असंबद्ध होतंय, असं दिसलं तर आणखी पाणी पाजू नका, थेट डॉक्टरकडे न्या. आणि वाटेत आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी कुणालाही देऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात तिचा ताण मूत्रपिंडावर येतो.

सिंहगड-राजगड-तोरणा या वाटेवर सोबतीची खरी परीक्षा राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने बाहेर पडल्यावर होते. तिथून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत डोंगरधार, मध्ये घसारा, दोन्ही बाजूंना गवत. रात्री मागून चालणाऱ्याची हेडटॉर्च पुढच्याची सावली नेमकी त्याच्याच पावलापुढे टाकते. पाय कुठे पडणार ते दिसत नाही आणि घोटा मुरगळतो. मागे असाल तर टॉर्च कपाळावरून काढून कमरेजवळ धरा आणि झोत थोडा बाजूने पाडा. पुढे असाल तर बोलताना मागे वळू नका, उजेड सरळ त्याच्या डोळ्यांत जातो. ‘डावीकडे सुटा दगड’ एवढं मोठ्याने सांगितलं तरी पुरतं.

डिसेंबरात माथ्यावर वारा असतो. थांबल्या थांबल्या आधी घामाने भिजलेला टीशर्ट बदला, चहा नंतर. पायात कुठे चुरचुरतंय म्हणाला तर तिथेच बूट काढायला लावा. कातडी कोरडी पुसा, टेपची टोकं कात्रीने गोल कापा आणि सुरकुती न पडता चिकटवा. चौकोनी टोक मोज्यात गुंडाळलं जातं आणि त्याचाच नवा फोड येतो.

नियम आधी वाचून घ्या. अमेरिकेतल्या वेस्टर्न स्टेट्स या शर्यतीला सर्वसाधारणपणे 62 व्या मैलावरच्या फॉरेस्टहिलपासून पेसर, म्हणजे बरोबर धावणारा सोबती, चालतो, पण धावणाऱ्याचं सामान त्याने उचलायचं नाही. युरोपातल्या यूटीएमबी या शर्यतीला पेसरच नाही, मदत फक्त ठरवून दिलेल्या थांब्यांवर. प्रेमापोटी त्याची बॅग तुम्ही उचलाल आणि बाद तो होईल.

‘मी सोडतो’ हे खुर्चीत बसल्या बसल्या म्हटलेलं लगेच मानू नका. खाऊ घाला, वीस मिनिटं जाऊ द्या, मग पुन्हा विचारा. पण लघवी कोलासारखी गडद झाली असेल, छातीत दुखत असेल किंवा कोरडे कपडे घालूनही कापरं थांबत नसेल, तर विचारत बसू नका. शर्यत तिथेच थांबवा. तो चिडेल, चिडू दे.

आणि तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याहून पुण्याला गाडी कोण चालवणार हे आदल्या दिवशीच ठरवा. रात्रभर धावलेल्याच्या हाती किल्ली द्यायची नाही, त्याच्याबरोबर रात्रभर जागलेल्याच्याही नाही. त्यासाठी झोप झालेला तिसरा माणूस हवा.