आमची वाटचाल : सेव्हन-सीटर गाडी, सब-वूफर आणि अँपची जागा

पुण्यात गाड्यांच्या ऑडिओचं काम आम्ही सुमो आणि क्वालिसच्या दिवसांपासून करतोय. तेव्हा मागे समोरासमोरची बाकं असायची, मधे मोकळी जमीन. सब-वूफर म्हणजे खालचा बेस वाजवणारा मोठा स्पीकर, आम्ही नुसतं सब म्हणतो. त्याचा बॉक्स तिथे ठेवायचा, त्याला ताकद देणारा अँप म्हणजे अँप्लिफायर बॉक्सच्याच पाठीवर स्क्रूने मारायचा, झालं काम. २००५ मध्ये इनोव्हा आली, २०१२ मध्ये अर्टिगा, २०१६ मध्ये इनोव्हा क्रिस्टा. पुढे तोंड केलेली तिसरी रांग नेहमीची झाली आणि आमच्या कामाचा क्रम उलटा झाला. मागच्या सीटवर कोण बसतं हे आधी विचारायचं, मग डिकीत काय जातं ते. सब कोणता घ्यायचा हे सगळ्यात शेवटी.

सेव्हन-सीटरमध्ये बॉक्स तिसऱ्या रांगेच्या पाठीला लागूनच येतो. तिथे मुलं किंवा आजी-आजोबा बसतात. ड्रायव्हरला जेमतेम जाणवणारा बेस त्यांच्या पाठीत धडधडतो. घरची गाडी असेल तर आमच्या लेखी हा पहिला मुद्दा.

मोजमाप रिकाम्या गाडीत करू नये. गौरी-गणपतीला गावी जाताना डिकी जशी भरता तशी भरून गाडी आणा, असं आम्ही सांगतो. बॅगा लागलेल्या असताना उरलेली जागा हीच खरी जागा. मग तिसऱ्या रांगेची पाठ पूर्ण मागे टेकवून टेलगेटपर्यंतचं अंतर दोन ठिकाणी घ्यायचं, जमिनीलगत आणि ३५ सेंमी उंचीवर. पाठ तिरकी असल्यामुळे ही दोन मापं कधीच सारखी येत नाहीत. त्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं करून जागेवर ठेवायचं आणि सीट प्रत्यक्ष दुमडून बघायच्या. क्रिस्टाच्या मागच्या सीट उचलून बाजूला काचेकडे जातात, अर्टिगाच्या सपाट दुमडतात. एकीत बसलेला बॉक्स दुसरीत अडतो. स्टेपनी गाडीच्या पोटाखाली असेल तर ती उतरवायचा हँडल जिथून घालतात ते भोक आणि जॅकचं झाकण मोकळं राहिलंच पाहिजे. खंबाटकी घाटात पंक्चर झाल्यावर बॉक्सचे बोल्ट खोलत बसायची वेळ कुणावर येऊ नये.

बहुतेक कुटुंबांना १० इंची स्लिम सब आणि सीलबंद बॉक्स पुरतो. आम्ही वापरतो ते एक माप देतो: रुंदी ६० सेंमी, उंची ३६, खोली वर १२ आणि तळाशी १८. १८ मिमी एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) वापरला तर आत साधारण २०.८ लिटर जागा मिळते. सबचं चुंबक आणि आतला आधार वजा जाता १९ लिटरच्या आसपास. तिरकी बाजू सीटकडे, सबचं तोंड टेलगेटकडे आणि त्यावर लोखंडी जाळी, नाहीतर पहिल्याच प्रवासात बॅगेचा कोपरा कोनमध्ये, म्हणजे सबच्या थरथरणाऱ्या पडद्यात, घुसतो. नेहमीचा खोल सब या बॉक्समध्ये बसत नाही. माउंटिंग डेप्थ, म्हणजे बसवल्यावर आत जाणारी खोली, ८ ते ९ सेंमी असलेला घ्यावा आणि चुंबकामागे निदान २ सेंमी हवा राहू द्यावी. १२ इंची सबला २८ ते ३५ लिटर लागतात, पोर्टेड, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेला बॉक्स, केला तर त्याहून बरेच जास्त, म्हणजे एक मोठी बॅग कायमची गेली. एमडीएफ भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणा किंवा कुठूनही, कापलेल्या कडांना सीलर लावल्याशिवाय कार्पेट चढवू नका. ताम्हिणीच्या पावसात ओल्या छत्र्या डिकीत पडतात, कड फुगते, सांध्यातून हवा फुसफुसते आणि दोष सबवर येतो. सब धरून बॉक्सचं वजन १८ ते २० किलो भरतं. तो वेल्क्रोवर ठेवणं आम्हाला मान्य नाही. जोरात ब्रेक लागला तर तो थेट मागच्या डोक्यांवर येईल. लोखंडी पट्टी आणि बोल्टने तो जमिनीला बांधायचा, भोक पाडण्याआधी खाली वाकून ब्रेकची आणि इंधनाची लाइन कुठून जाते ते बघायचं.

हॅचबॅकमध्ये दणदणीत वाजलेला सब मोठ्या गाडीत हलका का वाटतो, हे पुष्कळ जण विचारतात. ध्वनीलहरीची अर्धी लांबी केबिनपेक्षा मोठी झाली की बंद काचांच्या आत खालच्या बेसला आपोआप जोर मिळतो. सव्वादोन मीटरच्या केबिनमध्ये हा फायदा साधारण ७६ हर्ट्झपासून खाली सुरू होतो, तीन मीटरच्या केबिनमध्ये ५७ पासून. मोठ्या गाडीत ५७ ते ७६ हर्ट्झमधला पट्टा अँपला स्वतःच्या ताकदीवर भरावा लागतो.

अँप बॉक्सवर मारणं आम्ही फार पूर्वी सोडलं. सततच्या थरथरीने टर्मिनलचे स्क्रू ढिले होतात, सोल्डर तडकतात. आता बहुतेक वेळा तो पुढच्या डाव्या सीटखाली जातो. तिथेही दोन धोके आहेत. एसीचा ड्रेन तुंबला की पाणी डाव्या पायापाशीच गळतं, म्हणून अँप मॅटवर न ठेवता २ सेंमी उंच प्लास्टिकच्या तुकड्यांवर बसवायचा. आणि सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, पूर्ण खाली करून बघायची. सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. ते ओढायचे नाहीत, अँपखाली दाबायचे नाहीत. वर हवा खेळायला ४-५ सेंमी हवेत, अँप उलटा टांगायचा नाही.

वायरचा हिशेब करूनच जागा ठरवावी. ५०० वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा) क्लास-डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा, अँप पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या आसपास खेचतो. डिकीपर्यंत ६ मीटर ८ गेजची (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड) तांब्याची वायर नेली तर वाटेतच अर्ध्या व्होल्टहून जास्त पडतो. ४ गेजमध्ये तेच ०.२२ व्होल्ट. सीटखाली ३ मीटरमध्ये ८ गेजही चालून जाते. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर स्वस्त मिळते, ती घेतलीच तर दोन गेज जाड घ्या. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत, कारण तो अँपला नाही, वायरला वाचवतो. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, रबरी ग्रोमेटशिवाय (भोकात बसवायच्या रबरी कडीशिवाय) वायर काढली तर पत्रा ती कापतो आणि आग लागते. अँपची अर्थ वायर ४५ सेंमीच्या आत, गाडीच्या बॉडीवर, रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर. सीटबेल्टच्या बोल्टवर कधीच नाही. पॉवरची वायर एका बाजूने, आवाजाचा सिग्नल नेणारी आरसीए केबल दुसऱ्या बाजूने. एकत्र नेल्या तर रेस वाढवली की स्पीकरमधून शिटी चढत जाते.

पूर्वी स्टिरिओच बदलायचो. आता कॅमेरा, एसी, सेटिंग सगळं कंपनीच्या स्क्रीनमध्ये असतं, त्यामुळे मागच्या स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घ्यायचा, तोही कपलरला कपलर लावून. मूळ हार्नेस (कंपनीच्या वायरिंगचा जुडगा) कापला की वॉरंटीचा वाद ओढवतो. हायब्रिडमध्ये नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टेजच्या, केबलच्या आसपास ड्रिल चालवत नाही.

सेटिंग करताना सब काढून ठेवायचा, स्टिरिओचा आवाज पाऊणवर, बेस बूस्ट शून्य, ५० हर्ट्झचा टोन लावायचा. ४ ओहमला ३०० वॅट हवे असतील तर मीटरवर ३४.६ व्होल्ट एसी दिसेपर्यंत अँपचा गेन (आत येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) वाढवायचा आणि तिथेच थांबायचं. लो-पास क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे सबला त्याखालचेच सूर जातात. डीएसपी, म्हणजे आवाज सुधारणारा डिजिटल प्रोसेसर, असेल तर सब पुढच्या स्पीकरपेक्षा जितका लांब, तितका डिले (उशीर) पुढच्या स्पीकरना. दीड-पावणेदोन मीटरच्या फरकाला साधारण ५ मिलिसेकंद. मग सबची फेज, म्हणजे कोनच्या आत-बाहेर हलण्याची दिशा, ० आणि १८० करून ऐकायचं. आम्ही पखवाज लावतो. धुमेवरच्या, म्हणजे डाव्या तोंडावरच्या, कणकेचा घुमार डॅशबोर्डकडून आल्यासारखा वाटला तर फेज बरोबर. डिकीतून वेगळा ऐकू आला तर चुकली.

शेवटची पातळी ड्रायव्हरच्या सीटवर नाही, तिसऱ्या रांगेत बसून ठरवतो, आणि बेसचा रिमोट नॉब पुढे देतो, म्हणजे मागे कुणी झोपलं की कमी करता येतो. खडखड होऊ नये म्हणून नंबर प्लेटच्या मागे फोमची पट्टी आणि टेलगेटच्या ट्रिममध्ये डॅम्पिंग शीट लावल्याशिवाय गाडी सोडत नाही. गेनचे व्होल्ट, क्रॉसओव्हर, फ्यूजचा आकडा आणि वायरचा मार्ग लिहिलेला कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवतो, सोबत एक जादा फ्यूज.