निकाल लागला, पैसे कधी?

"कर्जवसुलीवाल्यांनी घरी येऊन तमाशा केला म्हणून केस घातली, जिंकलो, भरपाईचा हुकूमही झाला. वसुली एजन्सी पैसे देत नाही. आता काय करायचं?" मी बेळगावात दिवाणी वकिली करते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा प्रश्न येतो. खानापूरकडच्या एका मावशींनी तर मलाच फैलावर घेतलं, "कोर्टानं दिलंय म्हणतासा, मग हातात का येईना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कोर्ट हुकूमनामा, म्हणजे निकालाचा लेखी आदेश, देतं. पैसे कुठं आहेत ते तुम्ही दाखवायचं, मग कोर्ट हात घालतं. हे दुखणं जुनंच. पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं हिंदुस्थानाबद्दल प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनच्या सर्वोच्च अपील कोर्टानं, 1872 साली म्हणून ठेवलंय. दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढा, असं सुप्रीम कोर्टानं 2021 मध्ये बजावलं. काढतात का, ते कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्यांना विचारा.

दरखास्तीच्या अर्जात दाव्याचा नंबर, हुकूमनाम्याची तारीख, अपील झालंय का, व्याजासह रक्कम असे रकाने असतात. शेवटचा रकाना असतो, कोर्टाची मदत कोणत्या प्रकारे हवी. तिथं बरेच जण 'जंगम मालमत्ता जप्त करावी' एवढंच लिहितात. मग अमीन, म्हणजे कोर्टाचा बेलिफ, वॉरंट घेऊन एजन्सीच्या ऑफिसात जातो. गाळा भाड्याचा, कॉम्प्युटर भाड्याचे, चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर. अमीन तसा रिपोर्ट लिहितो आणि तुमची पुढची तारीख पडते.

त्या रकान्यात बँक खातं लिहा. वसुलीवाल्यांनी तुमच्याकडून कधी ऑनलाइन पैसे घेतले असतील, तर ते कुणाच्या नावावर गेले हे तुमच्या पासबुकात आणि मोबाइलवर आहे. पावतीवर जीएसटी नंबर असेल तर सरकारी पोर्टलवर टाकून बघा; मूळ नाव, पत्ता आणि धंदा एकट्याचा, भागीदारीचा की कंपनीचा, सगळं दिसतं. एकट्याच्या मालकीची एजन्सी असली तर मालकाच्या स्वतःच्या मिळकतीवरही जाता येतं. प्रायव्हेट लिमिटेड असली तर संचालकाच्या बंगल्याकडे बघत बसू नका, सहसा तो हाती लागत नाही.

याहून चांगली जागा म्हणजे एजन्सीचं कमिशन. ज्या बँकेसाठी किंवा फायनान्स कंपनीसाठी ती वसुली करते, तिच्याकडून एजन्सीला पैसे येणं असतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21, नियम 46-अ प्रमाणे त्या बँकेला नोटीस काढता येते, की हे पैसे एजन्सीला न देता कोर्टात भरा. ही नोटीस निघाली की इतके दिवस फोन न उचलणारा मालक स्वतः वकिलाला घेऊन हजर होतो. मला यात फार आनंद होतो, लपवत नाही.

काहीच माहीत नसेल तर त्याच ऑर्डर 21 चा नियम 41 आहे. हुकूमनाम्याचे पैसे तीस दिवस थकले की एजन्सीच्या जबाबदार माणसाकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागता येतं. टाळलं तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

आपल्याकडची खास अडचण सीमेची. एजन्सीचं ऑफिस आणि खातं कोल्हापुरात. निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर, पण बेळगाव जिल्ह्यातलं कोर्ट तिथली मिळकत जप्त करू शकत नाही. त्याच संहितेच्या कलम 39 खाली हुकूमनामा तिकडच्या कोर्टाकडे वर्ग करून घ्यावा लागतो. दिवाणी हुकूमनाम्याला बारा वर्षं मुदत आहे म्हणून निवांत राहू नका. एजन्सी तेवढी टिकत नाही. पाटी बदलते, माणसं तीच.

हुकूम ग्राहक आयोगाचा असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातलं कलम 71 वसुलीसाठी आणि 72 शिक्षेसाठी. 72 मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान 25,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. कर्नाटकात 2025 साली सक्तीच्या वसुलीविरुद्ध कायदा आला, त्याचं काय, असंही विचारतात. त्यात शिक्षा आहे. तुमच्या हुकूमनाम्याची रक्कम त्यातून वसूल होत नाही.

ज्यांची केस अजून घालायची आहे त्यांनी बँकेलाही प्रतिवादी करा. एजंटांच्या वागणुकीची जबाबदारी बँकेची, हे रिझर्व्ह बँकेनं पुन्हा पुन्हा सांगितलंय. 'संयुक्तपणे व स्वतंत्रपणे' असा हुकूम झाला तर सगळी रक्कम बँकेकडूनच मागता येते, आणि बँक गाळा सोडून पळत नाही.

तडजोडीला बोलावलं तर जरूर जा. मात्र कर्जात वळते करतो म्हणाले तर लगेच मान डोलवू नका. एजन्सीनं द्यायची भरपाई आणि तुमचं कर्ज हे दोन वेगळे हिशेब आहेत. आणि 'पूर्ण रक्कम मिळाली' अशा पुरशिसावर, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर, पैसे खात्यात दिसेपर्यंत, सही करायची नाही. चेक दाखवला तरी नाही.