एकच घड्याळ, दोन सूर्य

आसामने वेगळी वेळ मागितली की लोक हसतात. पण माझा मावसभाऊ सध्या जोरहाटला आहे, आसामात, आणि डिसेंबरात तिकडे साडेचारच्या आत सूर्य मावळतो! मुंबईत तेव्हा ऑफिसात दुपारचा चहा चाललेला असतो, सूर्य मावळायला सहा वाजतात. घड्याळ मात्र दोघांचं एकच. रेखांशात साधारण २१ अंशांचा फरक, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे जवळपास दीड तास झाला की. जूनमध्ये त्याच्याकडे सव्वाचार-साडेचारला उजाडतं, मुंबईत सहाला.

तिकडच्या चहाच्या मळेवाल्यांनी यावर झकास तोडगा काढलाय, 'बागान टाइम', घड्याळ सरळ एक तास पुढे! कामगार लवकर येतात, उजेडातच काम आटोपून घरी. मला तर हे, अख्ख्या देशाला एकच वेळ लावणाऱ्या दिल्लीपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

आणि हसू नका, मुंबईनेही हेच केलंय. स्वातंत्र्यानंतरसुद्धा १९५५ पर्यंत इथे 'बॉम्बे टाइम' होता, भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे. मग आसामने वेगळी वेळ मागितली तर एवढा गहजब कशाला?