इझमितच्या किनाऱ्यावर एव्हरसोल

इस्तंबूलला जाणारे आपले लोक इझमितला सहसा उतरत नाहीत. कारखान्यांचं गाव, १९९९ च्या भूकंपामुळे नाव कानावर पडलेलं, एवढंच. मी उतरलो ते किनाऱ्यावर कायमची बांधून ठेवलेली एक विनाशिका बघायला. आज ती 'गायरेत' नावाचं संग्रहालय आहे. १९७३ मध्ये तुर्कस्तानला मिळेपर्यंत ती अमेरिकी नौदलाची 'एव्हरसोल' होती, आणि मला ओढ होती ती या नावाच्या माणसाची.

जॉन थॉमस एव्हरसोल हा आयडाहो राज्यातल्या पोकाटेलोचा. ४ जून १९४२ ला, दुसऱ्या महायुद्धातल्या मिडवेच्या लढाईत, 'एंटरप्राइझ' या विमानवाहू जहाजावरून तो टॉर्पेडो विमान घेऊन निघाला. विमानाचं नाव 'डिव्हास्टेटर', म्हणजे विध्वंसक. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा! पोटाशी टॉर्पेडो असला की ते रखडायचं, आणि टॉर्पेडो सोडायचा तर पाण्यालगत, संथ, नाकासमोर उडावं लागे. वरून जपानी झीरो विमानं टपलेलीच. त्याच्या तुकडीची १४ विमानं निघाली, ४ जहाजावर परतली. एव्हरसोलचं त्यांत नव्हतं. टॉर्पेडो तर एकही लागला नाही.

त्या काळी अमेरिकेनं ताफ्यांच्या संरक्षणासाठी लहान, स्वस्त जहाजं शेकड्यांनी बांधली आणि त्यांना लढाईत कामी आलेल्यांची नावं दिली. पहिली 'एव्हरसोल' त्यांतलीच. मार्च १९४४ मध्ये सेवेत आली आणि ऑक्टोबर संपायच्या आत फिलिपिन्सजवळ, लेतेच्या पूर्वेला, आय-४५ या जपानी पाणबुडीनं तिला बुडवलं. तेही टॉर्पेडोनंच. खलाशी पाण्यात असताना खाली प्रचंड स्फोट झाला, त्यात बरेच गेले. वाचलेल्यांना ज्या जहाजानं उचललं त्याचं नाव 'रिचर्ड एस. बुल'. हा बुलही वैमानिकच, मिडवेच्या महिनाभर आधी कोरल समुद्रातल्या लढाईत मारला गेलेला.

इझमितची ही दुसरी 'एव्हरसोल'. सिएटलला जानेवारी १९४६ मध्ये पाण्यात उतरली, म्हणजे महायुद्ध हुकलं; कोरिया आणि व्हिएतनाम मात्र तिनं पाहिलं.

आत शिरताना डोकं सांभाळा. शिड्या इतक्या उभ्या की उतरताना तोंड शिडीकडेच करावं लागतं. झोपायच्या फळ्या एकावर एक, मधे कूस बदलण्यापुरतीच जागा. पुढच्या डेकवर पाच इंची जोडतोफ. शाळेची पोरं तिच्यासमोर फोटो काढत होती, आणि त्यांच्या बाईंना ती कधी एकदा खाली उतरतात असं झालं होतं.

शेजारीच 'हिझिररेइस' ही पाणबुडीही बघायला मिळते. तीही मूळची अमेरिकी. अंग चोरून चालायची तयारी असेल तर आधी तिच्यात शिरा. विनाशिका मग ऐसपैस वाटेल. आणि परतताना पिश्मानिये घ्याच, आपल्या सोनपापडीची तुर्की बहीण. डबा मात्र गाडीत उघडू नका, शर्टभर होते.