बोट मागे लावून घाटापलीकडे: ओढायला गाडी कशी निवडावी

घाट ओलांडून पलीकडच्या जलाशयात बोट उतरवायची असं ठरलं, आणि निघण्याआधी आम्ही बोट ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेली. बोट साडेपाच मीटरची, फायबरची. माहितीपत्रकात वजन ६४० किलो. पण ते नुसत्या सांगाड्याचं! त्यावर ११५ अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन १७० किलो, टाकीतलं ९० लिटर पेट्रोल ६७ किलोच्या आसपास, खुद्द ट्रेलर ३२०. शिवाय बॅटऱ्या, नांगर, साखळी, दोर, लाइफ जॅकेट आणि बर्फाची पेटी. काट्यावर आकडा आला १,३६० किलो. गाडी निवडायची ती या आकड्यावरून. सगळं सामान भरून, टाकी फुल्ल करून काटा करा; रिकाम्या बोटीचा काटा करून काही उपयोग नाही.

आता गाडीचं पुस्तक उघडा. ओढण्याच्या क्षमतेचे तिथे दोन आकडे असतात: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर एक, नसतील तर दुसरा. दुसरा फारच लहान असतो, बऱ्याच गाड्यांत ७५० किलो किंवा त्याहूनही कमी. विक्रेता अर्थातच पहिला सांगतो. आमच्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहेत, म्हणजे गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानेच त्याचे ब्रेक लागतात. २,५०० किलो ओढायची क्षमता असलेली गाडी निवडली. जवळजवळ दुप्पट कशाला, असं सोबतच्यांनी विचारलंच. घाट उतरताना मग कुणी काही बोललं नाही.

हिचवरचा, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर अडकवायच्या जोडावरचा भार हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. बोटीच्या ट्रेलरचा हा भार एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के असावा. आमचा ९५ किलो भरला, म्हणजे ७ टक्के. कपलरखाली, म्हणजे हिचला अडकणाऱ्या ट्रेलरच्या टोकाखाली, लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनाचा काटा ठेवून तो मोजता येतो, ट्रेलर सपाटीवर हवा इतकंच. कमी भरला तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलायला लागतो. जास्त भरला तर गाडीचं मागचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं. विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब पुढेमागे सरकवून बोटीची जागा बदलली की हा भार बदलतो. आणि तो गाडीच्या सामान वाहण्याच्या मर्यादेतच धरायचा असतो. पाच माणसं ३७५ किलो, सामान ६०, वर हे ९५: झाले ५३०. कित्येक सात आसनी गाड्यांची मर्यादा इथेच संपते. म्हणून आम्ही दोन माणसं आणि जड सामान मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत टाकलं.

चढावर काही विशेष घडलं नाही. डिझेल इंजिनाला कमी फेऱ्यांतच भरपूर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायची ताकद असते, त्यामुळे गाडी तिसऱ्यात रमतगमत चढली. गिअरबॉक्सचं तापमान मात्र डोळ्यांसमोर ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) आणि गिअर ऑइलला वेगळा कूलर असलेली घ्या. ड्युअल क्लचवाल्या गाड्या रस्त्यावर छान चालतात, पण ट्रेलर मागे लावून चढावर गोगलगायीच्या गतीने सरकायची वेळ आली की क्लच तापतो. साध्या मॅन्युअललाही रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, रिव्हर्समध्ये हाच त्रास, आणि तो आधी नाकाला कळतो.

खरी परीक्षा उतारावर झाली. चढताना जो गिअर लागला त्याच्याही खालचा घेऊन उतरलो, ब्रेक अधूनमधून पण ठाम दाबत. पाय सतत ब्रेकवर ठेवला की पॅड तापून ब्रेक बोथट होतात. एका लांब वळणावर बाजूने मोठी बस गेली आणि ट्रेलरने हलकासा झोका घेतला. अशा वेळी स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा. जोरात ब्रेक मारायचा नाही आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ करायच्या भानगडीतही पडायचं नाही. लांब व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि मागच्या चाकापासून हिचपर्यंत कमी अंतर असलेली गाडी इथे उपयोगी पडते. लहान, उंच गाडीला ट्रेलर हवा तसा नाचवतो, मग इंजिन कितीही मोठं असो.

रॅम्पवर आमच्या आधी एक कुटुंब बोट काढत होतं. त्यांची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, दिसायला भारदस्त. बोट ट्रेलरवर चढली, गाडी पुढे घेतली, आणि पुढची चाकं शेवाळावर जागच्या जागी गरगर फिरायला लागली. रॅम्प चढताना वजन मागे जातं, हिचचा भारही मागेच पडतो. ओढणारी चाकं नेमकी तेव्हाच हलकी होतात. दोन जण बॉनेटवर बसले. चाकं थोडी धरली, पण हा काही उपाय नव्हे, माणूस घसरून चाकाखाली जायचा. शेवटी लांब पट्टा लावून आमच्या गाडीने कोरड्या भागावरून, फोर-लो मध्ये (चारही चाकं चालवणाऱ्या, हळू पण ताकदीच्या लो रेंज गिअरमध्ये), त्यांना वर घेतलं. रॅम्प वापरायचा तर निदान मागची चाकं चालणारी, शक्यतो लो रेंज असलेली फोर बाय फोरच बघा. मात्र सेंटर डिफरेन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसलेल्या गाडीत कोरड्या डांबरावर वळताना फोर बाय फोर लावू नका, गिअर यंत्रणेवर ताण येतो.

पाण्यात उतरण्याआधी ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग काढा आणि चाकांचे हब हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. तापलेला हब गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. बेअरिंग पुढच्या प्रवासात रस्त्यावर राम म्हणतं.

इलेक्ट्रिक गाडीबद्दल वाटेत बरीच चर्चा झाली. टॉर्क उत्तम, उतारावर मोटरच गाडी आवरते, रॅम्पवर तर झकास. पण बोट मागे असताना पल्ला जवळपास अर्ध्यावर येतो आणि बहुतेक चार्जिंगच्या जागांवर ट्रेलर सोडूनच गाडी लावावी लागते. जलाशय जवळ असेल तर जरूर विचार करा.

आणि बोट वर्षातून चारदोनदाच पाण्यात पडणार असेल, तर एवढी अवजड गाडी रोजच्या वापरासाठी घेऊ नका. बोट पाण्याजवळच ठेवायची सोय बघा, किंवा तेवढ्यापुरती ओढायची परवानगी असलेली गाडी भाड्याने घ्या. भाड्याच्या करारात ट्रेलरचा उल्लेख स्पष्ट लिहून घ्या. तो नसेल तर विमा हात वर करतो.