एकर-गुंठ्याचे टूल आणि एजंटसाठीचे वर्णन : कामाची नोंद

निपाणी-चिक्कोडी भागात ज्या कुटुंबांची शेती सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे, त्यांच्या घरी दोन तऱ्हेचे कागद असतात. कर्नाटकातल्या उताऱ्यावर क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे यांत मांडलेले असते, तर कागल किंवा चंदगड तालुक्यातल्या सातबाऱ्यावर ते हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत असते. दोन्ही क्षेत्रांची एकत्र बेरीज करून देणारी छोटी टूल्स, म्हणजे छोटे प्रोग्राम, मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहीत आहे. अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमार्फत, म्हणजे एआयला बाहेरची टूल्स जोडण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, ती एआय एजंटला (वापरकर्त्याच्या वतीने टूल्स चालवून काम करणाऱ्या एआयला) वापरता यावीत, असा प्रयत्न आहे. या खेपेला आकडेमोडीच्या कोडला हात लावला नाही. सगळा वेळ टूलच्या वर्णनावर दिला.

या प्रोटोकॉलमध्ये एजंटपर्यंत मुख्यतः तीन गोष्टी पोहोचतात : टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची हे सांगणारा जेसन स्कीमा (जेसन म्हणजे प्रोग्राममधल्या माहितीच्या देवाणघेवाणीचे मजकुरी रूप). फंक्शनच्या आत काय लिहिले आहे हे त्याला दिसत नाही. आपल्याकडे उताऱ्यावरचा आकडा कसा वाचतात हे माणूस तलाठ्याला किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारू शकतो. एजंटला मात्र जे लिहून दिले आहे त्यावरच अर्थ लावावा लागतो, आणि जिथे लिहिलेले नसते तिथे तो अंदाज बांधण्याचा संभव असतो.

अंदाजाचा धोका किती असतो, याचे सर्वांत ठळक उदाहरण २.१० हा आकडा आहे. आपल्या कर्नाटकातल्या उताऱ्यावर त्याचा अर्थ २ एकर १० गुंठे, म्हणजे एकूण ९० गुंठे. तोच आकडा दशांश समजून वाचला, तर २.१ एकर म्हणजे ८४ गुंठे होतात. जेसनमध्ये तो संख्या म्हणून गेला, तर शेवटचे शून्य टिकेल याची खात्री नसते, उरलेल्या २.१ कडे पुन्हा उताऱ्याच्या नजरेने पाहिले, तर २ एकर १ गुंठा, म्हणजे ८१ गुंठेच हाती येतात. एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट असतात, हे लक्षात घेतले की हा फरक एखाद्या घराच्या जागेहून मोठा ठरतो. सातबाऱ्यावर हा प्रश्न येत नाही, कारण १ हेक्टरचे १०० आर आणि १ आरचे १०० चौरस मीटर होत असल्यामुळे ०.९१.०५ हे क्षेत्र ०.९१०५ हेक्टर असे वाचले तरी ते बदलत नाही. एकराचे ४० गुंठे आणि गुंठ्याचे १६ आणे मात्र दशांश चिन्हाला जुमानत नाहीत.

म्हणून क्षेत्रासाठी असलेले एकच पॅरामीटर (टूलला माहिती देण्याचा रकाना) काढून एकर, गुंठे आणि आणे अशी तीन पूर्णांकी पॅरामीटर्स केली. स्कीमामध्ये गुंठ्यांची मर्यादा ० ते ३९ आणि आण्यांची ० ते १५ अशी घातली. जी चूक स्कीमाच अडवू शकतो, ती टाळण्याची जबाबदारी वर्णनातल्या वाक्यावर सोडू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. वर्णनात आता उदाहरण आहे : उताऱ्यावर २.१० असेल, तर एकर २ आणि गुंठे १० द्यावेत. उत्तर ९१०५ चौरस मीटर येईल. त्याखाली हे टूल कधी वापरू नये तेही लिहिले आहे, कारण सातबाऱ्यावरच्या क्षेत्रासाठी वेगळे टूल आहे आणि दोघांची नावे जवळची असल्याने निवड चुकू शकते.

अंकांच्या लिपीविषयीही एक ओळ घालावी लागली. पायथन ‘१०’ हे देवनागरी अक्षररूप बिनतक्रार पूर्णांकात बदलतो, जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेचे संख्या-रूपांतर मात्र ते स्वीकारत नाही आणि जेसनच्या संख्येत देवनागरी अंक चालतच नाहीत. सर्व्हे नंबर याउलट नेहमी मजकूर म्हणूनच घ्यायचा आहे. ४५/२ मधली तिरपी रेघ हिस्सा दाखवते, भागाकार नव्हे.

चूक कळवणाऱ्या संदेशाला मी आता वर्णनाचाच भाग मानतो, कारण तो मजकूर एजंट वाचतो आणि पुढचे पाऊल त्यावरून ठरवतो. ‘अवैध इनपुट’ या दोन शब्दांतून त्याला काहीच मिळत नाही. त्याऐवजी गुंठ्यांत ४५ आले असून ० ते ३९ अपेक्षित आहेत, उताऱ्यावरचा आकडा वापरकर्त्याला पुन्हा विचारावा, असे टूल कळवते. ४५ गुंठ्यांचे १ एकर ५ गुंठे करून घ्या, अशी सूचना मुद्दाम दिलेली नाही; तो आकडा २५ चा टंकदोषही असू शकतो आणि जमिनीच्या बाबतीत एजंटने परस्पर दुरुस्ती करावी हे मला योग्य वाटत नाही.

पुढचे काम खराब, म्हणजे लागवडीस अयोग्य, क्षेत्राचे आहे. आपल्या कर्नाटकातल्या उताऱ्यावर एकूण क्षेत्रातून खराब वजा करून उरलेले क्षेत्र दाखवलेले असते आणि सातबाऱ्यावर पोटखराबा वेगळा येतो, त्यामुळे बेरजेला दिलेले क्षेत्र खराबासह आहे की खराब वगळून, हे सांगणारे पॅरामीटर अनिवार्य ठेवणार आहे. त्याला आधीच भरलेले मूल्य देणार नाही, म्हणजे माहिती नसेल तर एजंटला ती विचारूनच घ्यावी लागेल.